जुनी एस्टीम, पसरणी घाट आणि खाली जाणारे पॅडल

उत्तराआधी आपल्या प्रश्नाचा गोषवारा मांडतो, म्हणजे माझ्या समजुतीत काही चूक असेल तर ती आपल्याला लगेच दिसेल. आपण वाईला राहता आणि आपल्याकडे २००० सालची मारुती एस्टीम आहे. तिचे ८५ अश्वशक्तीचे एमपीएफआय (इंधन इंजेक्शनचे) इंजिन आपण नव्याने बांधून घेतले, कॅमशाफ्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि एक्झॉस्ट बदलले, आणि गाडी आता मूळच्यापेक्षा चांगलीच चपळ झाली आहे. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना मात्र शेवटच्या काही वळणांवर ब्रेकचे पॅडल मऊ पडते आणि नेहमीपेक्षा खाली जाते. यावर उपाय म्हणून पुढे मोठ्या डिस्क, मागे ड्रमच्या जागी डिस्क, गाडी दोन इंच खाली, रुंद टायर आणि शेवटी ‘मजबूत एक्सल’ अशी यादी आपण केली आहे आणि सुरुवात कोठून करावी, असे विचारले आहे.

साताऱ्यात गॅरेज चालवायला लागून मला अठ्ठावीस वर्षे झाली आणि त्यातील बराच काळ रॅलीसाठी गाड्या तयार करण्यात गेला, त्यामुळे ही गाडी मी आतून-बाहेरून ओळखतो. १९९० साली मारुती १००० या नावाने आलेल्या या सांगाड्यात १९९४ मध्ये १२९८ सीसीचे इंजिन आले, तेव्हा गाडीचे नाव एस्टीम झाले आणि १९९९ मध्ये तिची ताकद ६५ वरून ८५ अश्वशक्तीवर गेली. वजन कमी, इंजिन वर फिरायला उत्सुक आणि चारही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र, या तीन कारणांसाठी आपल्या देशातील रॅलीवाल्यांनी तिला वर्षानुवर्षे पळवले. म्हणजे मूळ आखणीत खोट नाही. आपल्या गाडीतील बहुतेक दोष वयाचे आहेत, आणि आपली यादी वयाला औषध देण्याऐवजी अंगावर दागिने चढवते आहे, असे मला स्पष्टच लिहावेसे वाटते.

प्रथम पॅडलचा विचार करू, कारण आपण दिलेल्या माहितीत सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे. घाटात ब्रेक ‘जातात’ तेव्हा ते दोन निरनिराळ्या प्रकारांनी जातात आणि लोक दोन्हींना एकच नाव देतात. पहिल्या प्रकारात पॅडल दगडासारखे घट्ट राहते, पाय नेहमीच्याच जागी थांबतो, पण गाडी थांबत नाही. तेथे पॅडचा मसाला त्याच्या सोसण्यापलीकडे तापलेला असतो आणि त्याची पकड सुटलेली असते. दुसऱ्या प्रकारात पॅडल स्पंजासारखे होऊन खाली जाते, दोनतीनदा भराभर दाबल्यावर थोडे वर येते आणि गाडी थंड झाल्यावर जणू काही घडलेच नव्हते असे वागते. हा दुसरा प्रकार म्हणजे कॅलिपरमधील, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातील, ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाल्याचे लक्षण आहे. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा प्रवास बुडबुडे दाबण्यातच संपतो. आपण वर्णन केलेले लक्षण नेमके हेच आहे, आणि मोठी डिस्क लावूनही तेच जुने ऑइल आत राहिले, तर हा त्रास फार तर दोन वळणे पुढे ढकलला जाईल.

आकडे मांडून पाहिले की घाट ब्रेककडून काय मागतो हे नीट कळते. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत पावणेसहाशे मीटरच्या आसपास फरक आहे. दोन माणसांसह गाडीचे वजन १००० किलो धरले, तर हा उतार उतरताना सुमारे ५६ लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरवावी लागते. हीच गाडी सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगावरून एकदा पूर्ण थांबवली, तर ब्रेकमध्ये साधारण ३ लाख ८६ हजार ज्यूल उष्णता होते. याचा अर्थ, न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गिअरमध्ये केवळ ब्रेकवर घाट उतरणे म्हणजे शंभरच्या वेगावरून चौदा-पंधरा वेळा गाडी थांबवणे. अंतर सुमारे १२ किलोमीटर आणि सरासरी वेग ताशी ३० धरल्यास ही उष्णता चोवीस मिनिटे, सरासरी चार किलोवॉटच्या हिशेबाने, सतत तयार होत राहते. घरातील दोन गिझर चाकांना बांधून चालू ठेवल्यासारखे हे आहे. एकदोन वेळा जोरात थांबण्यासाठी डिस्कचे वजन उपयोगी पडते, कारण लोखंड तेवढी उष्णता पोटात घेते. चोवीस मिनिटांच्या उतारावर मात्र वाऱ्याने किती उष्णता बाहेर नेली, हेच महत्त्वाचे ठरते. दुसऱ्या गिअरमध्ये उतरल्यास या भारातील मोठा वाटा इंजिन उचलते. आपले वडीलधारे ‘ज्या गिअरमध्ये चढतोस त्याच गिअरमध्ये उतर’ असे सांगत, त्यामागे हाच हिशेब आहे.

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसाळ्यात हवेत ओलाव्याला तोटा नसतो. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. आपल्या गाडीतील ऑइल शेवटचे कधी बदलले ते आपण लिहिलेले नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ जणांना ते आठवत नाही. सीलबंद डब्यातील चांगले डॉट ४ घेऊन चारही चाकांतून जुने ऑइल पूर्ण निघेपर्यंत हवा काढा (म्हणजे पाइपातील ऑइल बाहेर सोडून नवे भरत राहा), आणि पुढे दरवर्षी पावसाळा संपल्यावर हे काम करा. अर्धा उरलेला, झाकण सैल असलेला डबा कितीही महागाचा असला तरी वापरू नका. डॉट ५ नावाचे सिलिकॉनचे ऑइल यात मिसळत नाही. केवळ आकडा मोठा आहे म्हणून ते ओतण्याचा मोह टाळा.

हवा काढण्याआधी दोन तपासण्या थंड गाडीवर करा. इंजिन चालू ठेवून पॅडल मध्यम जोराने दाबून धरा. ते सावकाश खाली सरकत राहिले आणि बाहेर कोठेही गळती नसेल, तर पॅडलच्या जोराने ऑइलवर दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरचे आतील रबर गेले आहे. दुसरे म्हणजे, एकदा दाबून सोडून लगेच पुन्हा दाबल्यावर पॅडल बरेच वर येत असेल, तर मागच्या ड्रममधील लायनर दूर राहिले आहेत किंवा पाइपात हवा आहे. मागच्या लायनरची आपोआप जुळणारी यंत्रणा गंजून अडकणे हे या वयाच्या गाड्यांत नित्याचे असते. ती सोडवून, साफ करून जुळवली की पॅडल इतके वर येते की गिऱ्हाइकाला नवे ब्रेक बसवल्यासारखे वाटते. मागील ब्रेक काम करीनासे झाले की त्यांच्या वाट्याची उष्णताही पुढच्या डिस्कवर येते, हे येथे लक्षात घ्यावे.

याच वेळी चारही रबरी होज बदला. वीस-पंचवीस वर्षांचा होज बाहेरून ठीक दिसतो, पण दाबाखाली फुगतो, आणि कधी आतून सुजून ऑइल परत येऊ देत नाही, त्यामुळे पॅड डिस्कला चिकटून राहतो व एकच चाक तापते. घाट उतरून वाईत थांबल्यावर चारही रिमांजवळ हात नेऊन पाहा. एक चाक इतरांपेक्षा फार गरम लागले तर होज किंवा कॅलिपरची पिन तपासायला हवी. पोलादी पाइप गंजला असेल तर तसाच पोलादी, दुहेरी फ्लेअर काढलेला (टोक दुमडून पसरवलेला) पाइप बसवून घ्या. एसी दुरुस्तीच्या दुकानातील तांब्याची नळी वाकवून बसवलेली मी अनेक गाड्यांत पाहिली आहे. ती थरथरीने कडक होते आणि एके दिवशी फ्लेअरपाशी चिरते.

डिस्कची किमान जाडी तिच्या कडेला किंवा टोपीवर कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा आणि त्याच्या जवळ आलेली डिस्क लेथवर घासून पुन्हा वापरू नका, कारण उष्णता धरून ठेवणारे लोखंडच आपण काढून टाकत असतो. पॅड मात्र आपल्या वापराला साजेसे, जरा अधिक तापमान सोसणारे घ्या. शर्यतीचे पॅड घेऊ नका. ते थंड असताना पकडतच नाहीत, आणि सकाळी घरातून बाहेर पडताच वाईच्या बाजारपेठेत समोर सायकलवाला आल्यावर त्यांना तापायला वेळ कोण देणार?

आता मोठ्या डिस्कबद्दल. आपले सध्याचे ब्रेक कोरड्या रस्त्यावर चाके लॉक करू शकत असतील, तर एका थांब्याचे अंतर मोठ्या डिस्कने कमी होणार नाही, कारण तेथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. मोठी व हवेशीर डिस्क फक्त उष्णता जास्त पेलते. वरील सर्व कामे केल्यावरही, दुसऱ्या गिअरमध्ये उतरूनही ब्रेक थकत असतील, तेव्हाच तिचा विचार करावा. बलेनोचे पुढचे ब्रेक थेट बसतात असे आपल्याला कोणी सांगितले आहे. त्यात एक मेख आहे. एस्टीमच्या चाकांचे चार बोल्ट ११४.३ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि बलेनोचे १०० मिलिमीटरच्या. मग कोणीतरी हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) किंवा डिस्कला नवी भोके पाडून देण्याची तयारी दाखवतो. जुन्या भोकांच्या शेजारी नवी भोके पाडलेल्या हबवर मी स्वतःच्या शत्रूलाही घाटात पाठवणार नाही. पूर्ण नकल (हब धरणारा भाग), हब आणि बेअरिंगसह जोडणी बदलायची असेल तर स्ट्रटची (स्प्रिंग आणि शॉकअपच्या एकत्र खांबाची) पकड, टाय रॉडचा कोन, एक्सलचे दाते आणि चाकांची निवड, हे सारे एकदम बदलते. ते काम अशक्य नाही, पण ‘दोन तासांत होईल’ असे सांगणाऱ्याच्या हाती ते देऊ नये.

कॅलिपरचा पिस्टन मोठा झाला की मास्टर सिलिंडरही तपासावा लागतो. २०.६४ मिलिमीटर व्यासाच्या जागी २२.२२ मिलिमीटरचा मास्टर बसवला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे १६ टक्क्यांनी वाढते: पॅडलचा प्रवास कमी होतो आणि तेवढ्याच दाबासाठी पायाचा जोर १६ टक्के जास्त लागतो. पॅडल ‘टणक’ लागते म्हणून लोक खूश होतात, पण ब्रेक सुधारलेला नसतो, फक्त पायाचे काम वाढलेले असते. आपण कॅमशाफ्ट बदलला आहे, म्हणून आणखी एक गोष्ट तपासा. तीव्र कॅममुळे आयडलला (गाडी उभी असताना इंजिन मंद चालते तेव्हा) मॅनिफोल्डमधील निर्वात कमी होतो आणि पायाच्या जोराला मदत करणारा ब्रेकचा बूस्टर त्याच निर्वातावर चालतो. निरोगी इंजिनाला सातारा-वाईच्या उंचीवर पाऱ्याचे ४०० मिलिमीटरच्या वर वाचन मिळायला हवे. पाचगणीला हवेचाच दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १०० मिलिमीटरने कमी असतो, त्यामुळे कमकुवत बूस्टरची उणीव घाटमाथ्यावर, म्हणजे नेमकी उतार सुरू होतो तेथे, जास्त जाणवते.

मागे डिस्क बसवण्याचा बेत मात्र सोडून द्यावा, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. या गाडीच्या दोन आसांमधील अंतर २३६५ मिलिमीटर आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि उभ्या गाडीत वजनाची वाटणी पुढे ६० टक्के, मागे ४० टक्के धरली, तर जोराच्या ब्रेकिंगमध्ये, म्हणजे ०.८ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट) इतक्या मंदनात, सुमारे १७ टक्के वजन पुढे सरकते आणि मागच्या चाकांवर जेमतेम २३ टक्के उरते. उतारावर तेही आणखी थोडे घटते. म्हणजे मागच्या ब्रेकना मुळातच फार काम नाही, आणि ते जास्त जोरकस केले की मागची चाके आधी लॉक होतात. पुढची चाके लॉक झाली तर गाडी सरळ जाते. मागची झाली तर गाडी स्वतःभोवती फिरते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. गॅरेज सुरू केल्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत, हौसेपोटी, मी माझ्या स्वतःच्या एस्टीमला दुसऱ्या गाडीचे मागचे कॅलिपर बसवले आणि पाइप फिरवायला अडचण होते म्हणून मागच्या चाकांचा दाब मर्यादित ठेवणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह काढून टाकला. महिनाभर गाडी झकास थांबत होती. मग एका कोरड्या दुपारी कासहून यवतेश्वरचा घाट उतरताना वळणाआड एक म्हैस रस्त्यात उभी होती. मी पाय रोवला, मागचा भाग एखाद्या दाराप्रमाणे उघडला आणि गाडी आडवी होऊन कठड्याला टेकली. म्हैस हलली नाही. दुसऱ्या दिवशी मी ड्रम आणि व्हॉल्व्ह परत बसवले. चांगल्या लायनरचा, नीट जुळवलेला ड्रम या गाडीला पुरतो, आणि हँडब्रेकही त्यावरच अधिक भरवशाचा राहतो.

सस्पेन्शनमध्येही सुरुवात रबरापासून करावी. लोअर आर्मचे बुश (सांध्यातील रबरी बाह्या), बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्ट्रटच्या माथ्यावरील माउंट आणि बेअरिंग, मागील आडव्या दांड्यांचे बुश, ही सर्व झिजणारी माणसे आहेत असे समजा. एक जरी लंगडत असेल तरी बाकीच्यांची चाल बिघडते. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला खेचत असेल, तर तो दोष ब्रेकइतकाच फाटलेल्या बुशचाही असू शकतो, कारण आर्म मागे सरकतो आणि चाकाचा कोन बदलतो. नवे बुश बसवताना एक चूक सर्रास होते: गाडी जॅकवर, चाके लोंबत असतानाच फिटर बोल्ट पक्के आवळतो. रबरी बुश पिळला जाऊन काम करतो. लोंबत्या स्थितीत आवळल्यास गाडी जमिनीवर येताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. बोल्ट आधी हाताने लावावेत, गाडी चाकांवर उभी करून दोनदा दाबून बसवावी, आणि मगच पान्याने पूर्ण आवळावेत. पॉलियुरेथेनचे बुश हवेत का, असेही आपण विचारले होते. रोजच्या वापराच्या गाडीला मी मूळ रबरच बसवतो.

दोन इंच खाली, म्हणजे पन्नास मिलिमीटर, हे या गाडीला फार होते. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत लोअर आर्म साधारण आडवा असावा अशी मूळ आखणी असते. गाडी खूप खाली घेतली की आर्मचे बाहेरचे टोक वर जाते, आणि वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू, ज्याला रोल सेंटर म्हणतात, गुरुत्वमध्यापेक्षा कितीतरी जास्त खाली घसरतो. या दोन बिंदूंमधील अंतर हीच गाडीला कलवणारी तरफ असल्यामुळे, खाली घेतलेली गाडी त्याच स्प्रिंगवर आधीपेक्षा जास्त कलते. टाय रॉडचा कोनही बिघडतो आणि एकाच बाजूचे चाक खड्ड्यात गेले तर स्टिअरिंग आपोआप वळते. वरून स्ट्रटचा प्रवास घटल्याने बंपस्टॉपवर (शेवटच्या रबरी ठोकळ्यावर) आदळणे वाढते. आपल्या भागातील गतिरोधकांचे, आणि उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांचे काय होईल, ते मी वेगळे सांगायला नको. वीस ते पंचवीस मिलिमीटरपर्यंत खाली घ्यायला माझी हरकत नाही.

त्यासाठी स्प्रिंग कापू नका. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येने भागला जातो. सहा वेढ्यांतील एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते, पण तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक पूर्ण लोंबले की ती सैल होऊन जागा सोडते. गॅसच्या ज्योतीने तापवून ‘बसवणे’ त्याहून वाईट; तिचे पाणी उतरते आणि दर महिन्याला ती थोडी थोडी खचत राहते. योग्य मार्ग म्हणजे जाड तारेची नवी स्प्रिंग. ११ मिलिमीटरच्या जागी साडेअकरा मिलिमीटरची तार घेतली, तरी कडकपणा सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर ही किरकोळ बाब नव्हे. स्प्रिंग कडक झाली की शॉकअपलाही तिला आवरता आले पाहिजे. थकलेल्या शॉकअपवर कडक स्प्रिंग बसवलेली गाडी लाटेवरच्या होडीसारखी उड्या मारते, आणि उडणाऱ्या चाकाला ब्रेक लावता येत नाही. खरे तर पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मूळ स्प्रिंग ठेवून चार नवे, चांगल्या प्रतीचे गॅसचे शॉकअप घ्या; खाली घेतल्याचा दिखाऊपणा मिळणार नाही, पण वळणावर गाडी ऐकू लागेल.

टायरबाबत थोडक्यात. मूळचा १५५/८० आर १३ आणि १८५/६० आर १४ यांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखा, ५७८ मिलिमीटर, असल्याने हा बदल स्पीडोमीटर आणि गिअरिंग न बिघडवता होतो. रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसते ते माप) मात्र मूळच्या जवळचा ठेवा. चाक बाहेर काढणारे स्पेसर हब बेअरिंगवरचा भार वाढवतात आणि ब्रेक लावताना स्टिअरिंग हातात ओढले जाते.

आता एक्सल. गॅरेजच्या भाषेत आपण ज्याला एक्सल म्हणतो तो या गाडीत पुढच्या चाकांना फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट आहे: गिअरबॉक्सच्या बाजूला आत-बाहेर सरकू शकणारा सांधा, चाकाच्या बाजूला मोठ्या कोनात वळणारा सांधा आणि मध्ये दांडा. आपल्या इंजिनाचा मूळ टॉर्क सुमारे ११० न्यूटन-मीटर आहे. पहिला गिअर आणि डिफरन्शिअल मिळून तो साधारण चौदापट होतो असे धरले, तर एकेका एक्सलवर सुमारे ७७० न्यूटन-मीटर येतात. दांडा २२ मिलिमीटर जाडीचा मानल्यास त्याच्या पृष्ठभागावरील पीळ-ताण चौरस मिलिमीटरला सुमारे ३७० न्यूटन होतो. कंपनीचा, वरून इंडक्शनने कडक केलेला दांडा हे आरामात सोसतो, आणि आपण वाढवलेल्या दहा-पंधरा अश्वशक्तीने त्यात फारसा फरक पडत नाही. मिरज-कुपवाडच्या वर्कशॉपमध्ये हुशार टर्नर आहेत. किर्लोस्करवाडीपासून सांगली जिल्ह्याला लेथची परंपरा आहे आणि नमुना दिला तर ते हुबेहूब दांडा करून देतील. पण साध्या ईएन ८ पोलादाचा, उष्णतेची प्रक्रिया न केलेला दांडा या ताणाला कायमचा पिळला जातो, आणि वेल्डिंग केलेला दांडा तर जोडाशेजारीच तुटतो. खरोखर मजबुती हवी असेल तर २२ चा २४ मिलिमीटर दांडा, योग्य मिश्रधातू आणि योग्य प्रक्रिया केल्यास, ३० टक्के जास्त पीळ घेतो. आपल्या गाडीला त्याची गरज नाही.

आपल्या एक्सलला धोका आहे तो गाडी खाली घेण्याचा आणि फाटलेल्या बुटाचा, म्हणजे सांध्यावरील रबरी आवरणाचा. गाडी फार खाली गेली की दांड्याचा कोन आणि आतल्या सांध्याची बसण्याची जागा बदलते. मोठ्या खड्ड्यात तो सांधा आपल्या कपाच्या तळाला टेकू शकतो आणि तो धक्का थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. बाहेरचा बूट फाटला की जांभ्याची लाल माती आणि पाणी आत जाते, ग्रीसची चिखलासारखी भुकटी होते आणि सांधा काही आठवड्यांत संपतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश निघताना कट-कट आवाज आला तर बाहेरचा सांधा, आणि सरळ रस्त्यावर ॲक्सिलरेटर दाबताना गाडी थरथरली तर बहुधा आतला, अशी माझी पहिली अटकळ असते. बूट बदलताना सांधा पूर्ण धुऊन मॉलिब्डेनमचे ग्रीसच भरा, क्लिप योग्य पकडीने आवळा, आणि हबचा नट नवा घेऊन टॉर्क पान्याने कंपनीच्या आकड्याला आवळा. ‘अंगाच्या जोराने’ आवळलेला नट बेअरिंगचे आयुष्य ठरवतो, आणि ते सहसा कमीच ठरवतो.

कायद्याचाही उल्लेख करणे आवश्यक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असा बदल करता येत नाही की ते उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. आपल्या गाडीची पहिली पंधरा वर्षे सरली असल्याने दर पाच वर्षांनी साताऱ्याच्या आरटीओत तिची तपासणी होणारच. मूळ मापाचे, चांगल्या प्रतीचे भाग बसवलेली गाडी तेथे निर्धास्तपणे उभी करता येते. कॅमशाफ्टसह जे काही बदलले असेल, ते आरटीओला आणि विमा कंपनीला लेखी विचारून घ्या. अपघातानंतर विम्याच्या दाव्याची तपासणी होते तेव्हा उत्तर द्यायला फार उशीर झालेला असतो.

काम झाल्यावर नवे पॅड जिरवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, मध्यम जोराने दहा-बारा वेळा वेग उतरवा, मग पाच-सहा किलोमीटर ब्रेक न लावता गाडी चालवून डिस्क थंड होऊ द्या. गरम डिस्कवर पाणी मारू नका आणि तापलेल्या गाडीला हँडब्रेक लावून उभी करू नका. मग सकाळी लवकर, रहदारी नसताना, दुसऱ्या गिअरमध्ये पसरणी घाट उतरा आणि पॅडल शेवटच्या वळणालाही पहिल्या वळणाइतकेच वर आहे का, ते पाहा. पाचशे किलोमीटरनंतर चाकांचे बोल्ट, आर्मचे बोल्ट आणि कॅलिपरच्या पिना पुन्हा तपासून अलाइनमेंट करून घ्या. बॉनेटच्या आत, ऑइलच्या टाकीजवळ, ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवा.